बर्म्यूडा तत्त्वे

बर्म्यूडा तत्त्वे : मानवी जीनोम प्रकल्पात उलगडत जाणारा डीएनए-क्रम कधी आणि कोणासाठी खुला करायचा, याविषयी फेब्रुवारी १९९६ मध्ये बर्म्यूडा बेटावर ठरलेले संकेत. वेलकम ट्रस्टने भरवलेल्या या बैठकीत जॉन सल्स्टन (इंग्लंड) आणि रॉबर्ट वॉटरस्टन (अमेरिका) यांनी पुढाकार घेतला. १,००० बेसांहून लांब जुळवलेला क्रम हाती येताच, शक्यतो २४ तासांत, सार्वजनिक माहितीसाठ्यात टाकायचा आणि तो सर्वांना मोफत वापरू द्यायचा, असे ठरले. शोधनिबंध छापून येईपर्यंत माहिती स्वतःजवळ ठेवण्याच्या रूढीला हा मोठाच छेद होता.

यामागे पेटंटचा वाद होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये, कार्य ठाऊक नसलेल्या जनुक-तुकड्यांवर पेटंट मागितले. जेम्स वॉटसन यांनी त्याला कडाडून विरोध केला व १९९२ मध्ये प्रकल्पाचे प्रमुखपद सोडले. १९९४ मध्ये संस्थेने ते अर्ज सोडून दिले. पुढे १९९८ मध्ये स्थापन झालेल्या सेलेरा कंपनीने खुला क्रम वापरला, स्वतःचा मात्र कराराच्या अटींत बांधला. हे कुंपण जेमतेम दोन वर्षे टिकले. तरीही त्यात अडकलेल्या जनुकांवरील पुढचे संशोधन व उत्पादन-विकास २० ते ३० टक्क्यांनी मागे पडल्याचे अर्थशास्त्रज्ञ हायडी विल्यम्स यांना आढळले. खुलेपणाच्या बाजूने याहून ठोस पुरावा क्वचितच सापडेल. निसर्गात आढळणाऱ्या डीएनएवर पेटंट देता येत नाही, असा निकाल अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १३ जून २०१३ रोजी दिला.

मात्र ज्याच्या शरीरातून नमुना घेतला, त्याच्या खाजगीपणाबद्दल ही तत्त्वे बोलत नाहीत, आणि ही उणीव गंभीर आहे. अनेकांच्या नमुन्यांच्या एकत्रित आकडेवारीवरूनही एखादी व्यक्ती त्या गटात होती की नाही, हे ओळखता येते, असे २००८ मध्ये दिसून आले. तेव्हा राष्ट्रीय आरोग्य संस्थेने अशी माहिती खुल्या साठ्यातून काढून परवानगीच्या चौकटीत आणली. मार्च २०१३ मध्ये हीला पेशींचा जीनोम कुटुंबीयांना न विचारता प्रसिद्ध झाला. या पेशी १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या शरीरातून त्यांच्या संमतीविना घेतल्या होत्या. कुटुंबाने आक्षेप घेताच तो मागे घेतला गेला. ऑगस्ट २०१३ पासून हा जीनोम हवा असलेल्या संशोधकाला अर्ज करावा लागतो. तो तपासणाऱ्या समितीत लॅक्स कुटुंबालाही स्थान देण्यात आले.