विश्रांती कशी घ्यायची, हे कोणी ठरवलं?



मागच्या महिन्यात मी माझ्या गाइड मॅडमसमोर संशोधनाचा पहिला आराखडा ठेवला. विषय होता न्यूरोडायव्हर्जंट स्त्रियांसाठी भरणारी निसर्गशिबिरं. न्यूरोडायव्हर्जंट म्हणजे ऑटिझम, एडीएचडी वगैरे असलेल्या, ज्यांचा मेंदू बहुसंख्यांपेक्षा वेगळ्या रीतीने चालतो अशा व्यक्ती. माझं गृहीतक एका ओळीचं होतं: झाडांमध्ये राहिलं की मनाचा थकवा उतरतो. मी पडले सायन्सवाली, मला शिबिराआधी आणि शिबिरानंतर मोजमाप करायचं होतं. मॅडमनी एवढंच विचारलं, "तिथे विश्रांती कशी घ्यायची, हे कोण ठरवतं?" मला उत्तर देता आलं नाही. मग इतिहासात शिरले.

सुरुवात एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेपासून करू. फिलाडेल्फियातले नामवंत मज्जातंतूतज्ज्ञ सायलस वीअर मिचेल 'रेस्ट क्युअर' नावाचा उपचार करायचे. त्यांच्या रुग्णांमध्ये स्त्रियांचं प्रमाण मोठं होतं. उपचार असा: काही आठवडे अंथरुणात पडून राहायचं, घरच्यांना भेटायचं नाही, भरपूर दूध प्यायचं, मालिश आणि विजेचे सौम्य झटके घ्यायचे. वाचन-लेखन बंद. पुरुष रुग्णांना मात्र हेच डॉक्टर अनेकदा पश्चिमेकडच्या मोकळ्या रानात पाठवायचे. लेखक ओवेन विस्टर १८८५ मध्ये असाच वायोमिंगला गेला. थोडक्यात, पुरुषाला डोंगर आणि बाईला पलंग!

१८८७ मध्ये लेखिका शार्लट पर्किन्स गिलमन मिचेलांकडे गेली. तेव्हा ती २६ वर्षांची होती, जवळपास माझ्याच वयाची. घरी पाठवताना तिला सल्ला मिळाला की घरातच रमायचं, बौद्धिक काम दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त नको आणि लेखणीला हात लावायचा नाही. तिची तब्येत आणखी ढासळली. गंमत म्हणजे, त्याआधीच ती एकदा कॅलिफोर्नियाला जाऊन राहिली होती आणि तिथे तिला बरं वाटलं होतं. म्हणजे आपल्याला काय मानवतं याचा अनुभव तिच्याकडे होता. पुढे १८९२ मध्ये तिची 'द यलो वॉलपेपर' ही कथा प्रसिद्ध झाली.

इथे एक सावधगिरी. "गिलमन न्यूरोडायव्हर्जंट होती" असं लिहायचा मोह मलाही झाला होता. पण आजची निदानं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या माणसांना चिकटवणं हे संशोधन नव्हे. तिच्याकडून घ्यायचं ते एवढंच की रुग्णाला न विचारता विश्रांती लादली, तर ती शिक्षा होऊ शकते.

आता थेट १९८९. रेचल आणि स्टीफन कॅपलन यांचं 'द एक्स्पीरियन्स ऑफ नेचर' हे पुस्तक आलं. मुद्दाम एकाग्र होताना लक्ष थकतं. निसर्ग लक्ष अलगद वेधून घेतो, त्यामुळे ती क्षमता पुन्हा भरून येते, असा त्यांचा सिद्धान्त. त्यासाठी त्यांनी चार गोष्टी सांगितल्या: रोजच्यापासून दूर जाणं, परिसराचा विस्तार, सहज गुंतवणारं काहीतरी आणि त्या जागेचा त्या माणसाशी जमणारा मेळ. माझ्या आराखड्यात पहिल्या तीन होत्या. चौथी मोजायला अवघड, म्हणून मी ती सोडली होती. मॅडमचा प्रश्न नेमका तिथेच होता.

त्या 'मेळा'चा अर्थ मला 'ऑट्रीट'मुळे कळला. ऑटिझम नेटवर्क इंटरनॅशनल या ऑटिस्टिक व्यक्तींनीच चालवलेल्या संस्थेने १९९६ मध्ये न्यूयॉर्क राज्यात हे शिबिर सुरू केलं. ते फक्त स्त्रियांसाठी नव्हतं. पण तिथले नियम बघा: कुठलाही कार्यक्रम सक्तीचा नाही, अत्तर लावायचं नाही, फ्लॅश मारून फोटो काढायचे नाहीत. शिवाय रंगीत बिल्ले. लाल म्हणजे 'माझ्याशी आपणहून बोलू नका', पिवळा म्हणजे 'ओळखीच्यांनीच बोला'.

स्त्रियांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. हान्स ॲस्पर्गर यांनी १९४४ च्या लेखात तपशीलवार मांडलेली चारही उदाहरणं मुलग्यांची होती. ऑटिझमचं चित्रच मुलग्यांवरून रंगलं आणि कितीतरी मुली नजरेतून सुटल्या. अनेक जणी वर्षानुवर्षं हसून, नजर मिळवून, इतरांची नक्कल करून 'नॉर्मल' दिसत राहतात. यालाच मास्किंग म्हणतात आणि ते प्रचंड दमवणारं असतं. आता समजा, सुंदर जंगलात नेऊन पहिल्याच सकाळी सगळ्यांना गोलात बसवलं आणि "स्वतःविषयी दोन मिनिटं बोला" म्हटलं. झाडं आहेत, पण मास्क उतरला का?

माझं नवं गृहीतक अजून कच्चं आहे. आता मी झाडांसोबत शिबिराचे नियमही नोंदवणार आहे: कार्यक्रमातून उठून जाता येतं का, वेळापत्रक कोणी आखलं, गप्प बसलेलं चालतं का. आणि ही प्रश्नावली पक्की करण्याआधी अशा शिबिरांना गेलेल्या स्त्रियांना दाखवणार आहे.

तुम्हीही सिनॉप्सिस लिहीत असाल तर एक करून बघा. मोजायला अवघड म्हणून तुम्ही कोणता घटक गाळलात, तो एका कागदावर लिहा. माझा अख्खा विषय त्या गाळलेल्या ओळीतच होता.