जनमत कौल, गोवा (१९६७)

जनमत कौल, गोवा : गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित संघप्रदेश म्हणून राहावे, या प्रश्नावर १६ जानेवारी १९६७ रोजी झालेले थेट मतदान. दमण व दीवमध्ये त्याच वेळी गुजरातमधील विलीनीकरणावर कौल घेण्यात आला. तेथेही संघप्रदेशाची बाजू जिंकली. प्रत्यक्ष आणि प्रातिनिधिक लोकशाहीच्या गुणदोषांची चर्चा सहसा अथेन्सपासून सुरू होते. गोव्यात मात्र तेच मतदार चार वर्षांच्या आत आधी प्रतिनिधी निवडून, मग थेट आणि लगेच पुन्हा प्रतिनिधी निवडून बोलले. त्यामुळे ही तुलना येथे अधिक नेमकी करता येते.

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा पोर्तुगीज राजवटीतून मुक्त झाला आणि डिसेंबर १९६३ मध्ये विधानसभेची पहिली निवडणूक झाली. विलीनीकरणाचा पुरस्कार करणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगो) सत्तेवर आला व दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष विरोधी बाकांवर बसला. १९६५ मध्ये गोवा आणि महाराष्ट्र या दोन्ही विधानसभांनी विलीनीकरणाचे ठराव संमत केले. प्रातिनिधिक लोकशाहीच्या हिशोबाने प्रश्न तेथेच मिटायला हवा होता.

विरोधकांचा आक्षेप साधा होता : मगोला पडलेली सगळी मते विलीनीकरणाला पडली, हे कशावरून? बहुजन समाजातील अनेकांनी मगोला मत दिले ते भाटकाराच्या (जमीनदाराच्या) जाचातून सुटण्यासाठी, कुळांच्या हक्कांसाठी, गावात शाळा यावी म्हणून. निवडणुकीत मत एकच असते आणि त्यात जमीन, जात, भाषा, उमेदवाराची ओळख, सरकारवरचा राग असे सारे एकत्र बांधलेले असते. निवडून आलेला पक्ष त्या गाठोड्यातील हवी ती वस्तू काढून ‘जनतेने हेच मागितले’ असे म्हणू शकतो. प्रातिनिधिक पद्धतीचा हा मूळचाच दोष आहे. प्रतिनिधी कितीही प्रामाणिक असला तरी तो राहतो.

काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर यांनी दिल्लीत स्वतंत्र कौलाचा आग्रह धरला आणि डिसेंबर १९६६ मध्ये त्यासाठी संसदेचा कायदा झाला. सत्तेवरच्या पक्षाच्या हाती यंत्रणा असताना कौल निष्पक्ष होणार नाही, ही तक्रार मान्य होऊन बांदोडकर सरकारने त्याच महिन्यात राजीनामा दिला. विलीनीकरणाला ‘फूल’ आणि संघप्रदेशाला ‘दोन पाने’ अशी चिन्हे होती. विलीनीकरणाविरुद्धची प्रभावी मोहीम ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकाने चालवली. मराठी वाचणारा माणूस महाराष्ट्रात जाऊ इच्छितोच, या गृहीतकाला त्यामुळे छेद गेला. कौलात संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. फरक ३४,०२१ मतांचा. हिंदू मतदारांचा मोठा गट विलीनीकरणाच्या विरोधात गेल्याशिवाय हा निकाल शक्य नव्हता.

खरी गंमत पुढे आहे. अवघ्या काही आठवड्यांनी, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली आणि मगो पुन्हा सत्तेवर आला. बांदोडकरच पुन्हा मुख्यमंत्री झाले. याला मतदाराची चंचलता म्हणणे सोपे, पण चुकीचे आहे. राज्य कोणी चालवावे आणि गोवा वेगळा राहावा की नाही, हे दोन वेगळे प्रश्न होते. ते सुटे करून विचारल्यावर मतदारांनी दोन सुटी उत्तरे दिली. प्रत्यक्ष मतदानाचा सर्वांत मोठा गुण याहून स्पष्टपणे क्वचितच दिसला असेल.

मात्र प्रत्यक्ष मतदार फक्त विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकतो, आणि प्रश्न ठरवतो दुसराच. गोव्याच्या मतपत्रिकेवर स्वतंत्र घटक राज्याचा पर्याय नव्हता. ज्यांना तो हवा होता त्यांना ‘दोन पाने’ निवडून थांबावे लागले. घटक राज्य ३० मे १९८७ रोजी मिळाले. मुंबईत व अन्यत्र राहणाऱ्या गोमंतकीयांना मताधिकार द्यावा ही मागणीही फेटाळली गेली. म्हणजे पर्याय कोणते आणि मतदार कोण, या निर्णायक गोष्टी जनतेला न विचारता प्रतिनिधींनीच ठरवल्या.

दुसरी मर्यादा तडजोडीची. कोकणी-मराठी वाद कौलाने सुटला नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यात तो रस्त्यावर आला. अखेर १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी लिपीतील कोकणीला राजभाषा केले आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापराचीही मुभा ठेवली. दोन्ही बाजूंचे समाधान झाले असे नाही. वाद आजही अधूनमधून पेटतो. तरी ‘ही, पण तीही’ असे उत्तर सभागृहातच लिहिता येते. फूल की पाने एवढेच विचारणाऱ्या मतपत्रिकेवर त्याला जागा नसते.

तिसरी मर्यादा अधिक गंभीर आहे : मतदान करणारे बहुसंख्य, मतदानाबाहेर ठेवलेल्यांचे हक्कही ठरवू लागतात. प्रत्यक्ष लोकशाहीचे माहेरघर मानल्या जाणाऱ्या स्वित्झर्लंडमध्ये १९५९ साली पुरुष मतदारांनी स्त्रियांचा मताधिकार फेटाळला. तो राष्ट्रीय पातळीवर मिळायला १९७१ उजाडले. याउलट भारताची संविधान सभा मुख्यतः मर्यादित मताधिकारावर निवडलेल्या प्रांतिक विधिमंडळांनी अप्रत्यक्षपणे निवडलेली. पण तिने कौल न घेताच सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांना मताधिकार दिला.

भारतीय संविधानात सार्वमताची तरतूद नाही. अनुच्छेद ३ नुसार राज्यांच्या सीमा संसद ठरवते आणि संबंधित विधिमंडळाचे मत विचारले जात असले तरी ते बंधनकारक नसते. २०१४ मध्ये आंध्र प्रदेश विधानसभेने विरोध करूनही तेलंगण राज्य झाले. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादातील बेळगावच्या प्रश्नावर आयोग, खटले आणि आंदोलने झाली. कौल झाला नाही.

गावपातळीवर मात्र प्रत्यक्ष लोकशाहीची सोय कायम आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले. वनहक्क कायद्याचा आधार मिळाल्यावर तिचा दबदबा किती वाढतो हे ओडिशातील नियमगिरीत दिसले : सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०१३ मध्ये तेथील १२ ग्रामसभांनी बॉक्साइट खाणीला नकार दिला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची पद्धत अनेक वर्षे चालवली आहे. इतरत्र चित्र वेगळे असते. महाराष्ट्रात ग्रामसभेची गणसंख्या मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी असेल ती. ती न भरल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणसंख्येची अट नसते. सरपंच, ग्रामसेवक आणि मोजके गावकरी मिळून विषयपत्रिका संपवतात.