अर्जातलं इंग्रजी

आमच्या टोल्यावर इंग्रजी आलं ते कागदावरून. घरात गोंडी, बाजारात झाडीबोली, शाळेत पुस्तकातली मराठी. इंग्रजी कुणी बोलत नव्हतं. ते कचेरीतून यायचं, खाली शिक्का घेऊन. पोस्टमननं असा कागद दिला की माणसं तो माझ्याकडे आणत. मॅट्रिक झालेला मी एकटाच होतो, पुढे मास्तर झालो.

मी ग्रामर शिकलो तेव्हा आमचा भाग चंद्रपूर जिल्ह्यातच होता. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ ला. हायस्कुलातले सर तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवरून शिकवत. मराठी वाक्य द्यायचं, इंग्रजी करून मागायचं, चुकलं की दहा वेळा लिहायचं. तर्खडकर या आडनावाचं व्याकरणाशी नातं जुनं आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं, ते इंग्रजी व्याकरणाचा साचा समोर ठेवून. स्वल्पविराम, अर्धविराम ही चिन्हंही मराठीत रुळवली ती मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्यानं. म्हणजे आपण मराठी व्याकरण म्हणून जे घोकलं, त्यातलंही बरंच बोटीतून उतरलेलं. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर इंग्रजीची भीती थोडी कमी झाली.

सरांचा सगळ्यात लाडका नियम शॅल आणि विलचा. ‘मी’ आणि ‘आम्ही’ला शॅल, बाकी सगळ्यांना विल, हा साधा भविष्यकाळ. उलटं केलं की वाक्याचा रंग बदलतो. ‘तो’ किंवा ‘ते’च्या पुढे शॅल आलं, तर ते नुसतं ‘होईल’ राहत नाही, ‘झालंच पाहिजे’ होतं. जॉन वॉलिस नावाच्या इंग्रज पंडितानं १६५३ साली हा नियम मांडला, तोही लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात. बोलण्यात आता खुद्द इंग्रज तो पाळत नाहीत. आम्ही मात्र सागाच्या पानावर भात खाऊन तो पाठ करत होतो. कायद्याच्या भाषेत ते शॅल अजून जिवंत आहे, हे सरांनी सांगितलं नव्हतं.

त्या ग्रामरच्या जोरावर मी वीस-पंचवीस वर्षं अर्ज लिहिले. पंपाचे, पेन्शनचे, हरवलेल्या बैलाचे. सुरुवात ‘मोस्ट रिस्पेक्टफुली आय बेग टु स्टेट’नं, शेवट ‘युवर मोस्ट ओबिडियंट’नं. स्वल्पविराम जागच्या जागी. पॅसिव्ह व्हॉइस तर माझा हातखंडा: अमुक मंजूर केलं जावं, तमुक दिलं जावं. कोण देणार, कोण घेणार, ते वाक्यात कुठंच दिसायचं नाही. मला वाटायचं हीच सभ्यता.

मग वनहक्क कायदा आला. संसदेनं २००६ च्या डिसेंबरात केला, नियम २००८ च्या १ जानेवारीला लागले. आमच्या ग्रामसभेनं जंगलावरच्या सामूहिक हक्काचा दावा करायचं ठरवलं. दावा मराठीतच होता; पण एक प्रत दिल्लीच्या मंत्रालयाला पाठवू, म्हणून इंग्रजी पत्राचं काम माझ्याकडे आलं. मी चार पानं लिहिली. जंगल आम्हास कृपया देण्यात यावं, असा सूर. सभेत मराठी करून वाचून दाखवलं. मोहाच्या झाडाला टेकून बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, “गुर्जी, आमी मांगून रायलो का सांगून रायलो जी?”

सभा हसली. मी हसलो नाही. आवडलेल्या चार पानांवर कुणी बोट ठेवलं की राग येतो, तसा मला आला.

रात्री कायद्याची इंग्रजी प्रत काढली आणि सर शिकवायचे तसं एकेक वाक्य सोडवत बसलो. कर्ता कोण, क्रियापद कोणतं, काळ कोणता. चौथ्या कलमात कर्ता केंद्र सरकार, क्रियापदं ‘रेकग्नाइझेस अँड व्हेस्ट्स’, आणि आधी ‘हिअरबाय’. साधा वर्तमानकाळ! सरकार देईल असं नाही, द्यावं असंही नाही. याद्वारे मान्य करतं आणि सोपवतं. सहाव्या कलमात, हक्क ठरवण्याची प्रक्रिया सुरू करणारी अधिकारी संस्था ग्रामसभा, आणि तिच्यापुढे शॅल. तिसरा पुरुष, एकवचन.

मग दुसरी गाठ, बांबूची. १९२७ च्या वन कायद्यात झाडाच्या व्याख्येत ‘इन्क्लूड्ज’ या एका क्रियापदाच्या पोटात ताड, बांबू, झुडूप, वेत सगळं कोंबलेलं. कापलेलं झाड म्हणजे इमारती लाकूड, हे त्याच कायद्यात. म्हणजे टोपली विणायला तोडलेला बांबूही लाकूडच. २००६ च्या कायद्यात गौण वनोपजाची व्याख्या पुन्हा ‘इन्क्लूड्ज’नंच सुरू होते, पण बांबू या पोटात. क्रियापद तेच, कर्ता बदलला.

मी चार पानं फाडली. नवं पत्र एका पानात बसलं. कर्ता ग्रामसभा, प्रयोग कर्तरी. ‘बेग’ खोडला, ‘कृपया’ खोडलं. खोडताना हात अडखळला, खोटं कशाला सांगू. इतकी वर्षं ज्या शब्दांनी मला गावात मान दिला, तेच शब्द होते.

आमच्या तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला; देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीनं तिथला अभ्यासगट कित्येक वर्षं कागद वाचत, वाद घालत बसला होता. तरी बांबू विकायला वाहतुकीचा परवाना कोणी द्यायचा, हा तंटा २७ एप्रिल २०११ पर्यंत चालला. त्या दिवशी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. १९२७ च्या व्याख्येतून बांबू निघाला तो थेट २०१७ ला.

आमच्या दाव्याला मेंढ्यानंतर आणखी दोन वर्षं लागली. पत्राची कार्बन प्रत माझ्या ट्रंकेत आहे. परवा नातीनं ती वाचली. ती पहिलीपासून इंग्रजी शिकलेली. म्हणाली, “आबा, ग्रामसभेच्या आधी ‘द’ राहिला.” मी चष्मा लावून पाहिलं. खरंच राहिला होता.