चाकणचा बुरूज आणि पुण्याचा लाल महाल



शाळेची सहल काढायची ठरली, की आपल्याकडे पुण्याचे नाव आधी निघते. गाव खेड तालुक्यातले असो की भोसरी-चिंचवडकडचे, बेत एकच. लाल महाल पाहायचा, शनिवारवाडा पाहायचा आणि दिवेलागणीला घरी परतायचे. बेत चांगला आहे, तो मोडा असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच, की या सहलीची सुरुवात चाकणात करा. कारण लाल महालाची गोष्ट चाकणच्या तटापासून समजावी लागते. आपली मुले ती मधूनच ऐकतात.

सकाळी ऊन चढायच्या आत चाकणच्या संग्रामदुर्गात चला. हा भुईकोट. इथे डोंगर नाही, कडा नाही. सपाट जमिनीवर तट आणि त्याभोवती खंदक, एवढाच काय तो आधार. आज तटाचे काही भाग आणि बुरूज उरले आहेत. आत वस्ती झाली आहे. गावाबाहेर मोटारींचे कारखाने उभे आहेत आणि त्यांची अवजड वाहने दिवसभर नाशिक रस्त्यावरून धावतात. गुरुजी, मुलांना या तटापाशी उभे करा आणि विचारा, "अशा जागी तुम्ही किती दिवस टिकला असता?"

मग त्यांना १६६० साल सांगा. औरंगजेबाचा मामा शायिस्तेखान मोठी फौज घेऊन पुण्यात उतरला होता. १९ जूनला तो पुण्याहून निघाला आणि २१ जूनला चाकणपाशी येऊन ठेपला. किल्लेदार होते फिरंगोजी नरसाळा. मदत मागावी तर कोणाकडे? खुद्द शिवाजी महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकलेले. जुलैच्या मध्यास ते विशाळगडाकडे निसटले खरे, पण चाकणला कुमक पोहोचली नाही.

फिरंगोजींनी भर पावसाळ्यात कोट पन्नासांहून अधिक दिवस लढवला. शेवटी मोगलांनी जमिनीखालून सुरुंग नेला आणि १४ ऑगस्टला एक बुरूज उडवून दिला. तटाला भगदाड पडले. आतली माणसे त्या भगदाडात उभी राहून लढली. दुसऱ्या दिवशी मात्र कोट खाली करून द्यावा लागला. मोगलांचे २६८ लोक मेले, ६०० जखमी झाले. खानाने फिरंगोजींना आपल्या चाकरीत बोलावले. ते गेले नाहीत. ते महाराजांकडे परतले.

एखादा पोरगा विचारील, "गुरुजी, म्हणजे आपण हरलोच ना?" त्याला सरळ सांगा, "होय बाळा, हरलो." ते लपवू नका. पण मग त्यालाच हिशेब घालायला लावा. एका भुईकोटाला इतके दिवस आणि इतकी माणसे लागली, तर सह्याद्रीतल्या डोंगरी किल्ल्यांना किती लागतील? खानालाही तो हिशेब चुकला नसणार.

आता गाडीत बसा. मोशीला इंद्रायणी लागेल, दापोडीला मुळा, पुण्यात शिरताना मुठा. तीस-एक किलोमीटरची वाट. खानाच्या फौजेला मात्र हा टापू पावसात, आजच्यासारखे पूल नसताना ओलांडावा लागला होता.

लाल महालात शिरण्यापूर्वी मुलांना एक गोष्ट स्पष्ट सांगा. शहाजीराजांच्या वेळचा मूळ वाडा आज नाही, तो कधीच नाहीसा झाला. आपण पाहतो ती इमारत पुणे महानगरपालिकेने १९८०च्या दशकात उभारली. इमारत नवी, आठवण जुनी. या वाड्यात महाराजांचे बालपण गेले, आणि चाकण घेतल्यावर शायिस्तेखान याच वाड्यात मुक्काम ठोकून राहिला.

५ एप्रिल १६६३. रमजानचा महिना, रात्रीची वेळ. महाराज मोजक्या माणसांनिशी आले. स्वयंपाकघराच्या बाजूचा एक दरवाजा विटामातीने बुजवलेला होता. तो फोडून मंडळी आत शिरली. खानाचा मुलगा अबुल फत्ह मारला गेला. खानाचे बोटांवर निभावले, पण अब्रू गेली. पुढे औरंगजेबाने त्याला बंगालच्या सुभ्यावर पाठवले.

आता सकाळचे भगदाड आठवा. चाकणला भिंत फोडायला मोगलांना दारूचा सुरुंग लागला आणि दीड महिन्यावर दिवस लागले. इथे चार विटा काढल्या आणि काम झाले. असे का? घर ओळखीचे होते म्हणून. या वाड्याचे कोपरे महाराज लहानपणापासून जाणत होते. आपला मुलूख पायाखालचा असणे ही केवढी मोठी ताकद आहे, हे इथे मुलांना कळेल.

तिथून चार पावलांवर शनिवारवाडा. पहिल्या बाजीरावाने १७३० साली त्याचा पाया घातला. १८२८ सालच्या आगीत आतले महाल जळाले. दिल्ली दरवाजा, तट आणि आतली जोती उरली. ती निवांत पाहा.

संध्याकाळी वहीत प्रत्येकाला दोन रकाने आखायला लावा. एकात 'डोळ्यांनी काय पाहिले', दुसऱ्यात 'कानांनी काय ऐकले'. लाल महालाचा दुसरा रकाना भरगच्च होईल. चाकणचा मात्र पहिलाही भरेल, कारण तिथला दगड अजून जागेवर आहे.

आणि तीच माझ्या मनातली खंत आहे, मंडळी. नाहीसा झालेला वाडा पुन्हा बांधता येतो, त्याला तिकीटही लावता येते. पण फिरंगोजींनी राखलेल्या तटाचा दगड एकदा कुणाच्या जोत्यात गेला, की तो परत येत नाही. दुरून पुण्याला जाणारी आपली मुले रोज या तटाजवळून जातात. त्यांना एकदा तिथे उतरवा. ज्या दगडाला हात लावून पाहिला, तो पुढे मोठेपणी सहसा कोणी उपटू देत नाही.

बरंय, येतो. राम राम.