मंद विस्तवावरचे भांडे

द्रोणागिरीच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसांना झटपट विस्तव ठाऊक असतो. करंजाच्या बंदरात होडी लागावी, बोंबील नाहीतर कोळंबी घरी यावी, आणि आगरी-कोळ्यांच्या चुलीवर आंबट घालून घटकाभरात कालवण उतरावे, हा उरणच्या बाजूचा नित्यक्रम. मासळी फार वेळ शिजवणे म्हणजे तिची नासाडीच. परंतु ह्याच डोंगरावरच्या किल्ल्यात पोर्तुगीजांच्या चर्चच्या पडक्या भिंती आहेत, आणि त्या पाहिल्या की मला दुसऱ्या तऱ्हेच्या चुलीची आठवण होते. दुपारी चढवलेले भांडे रात्रीच्या जेवणाला उतरवायचे, मधल्या वेळात विस्तव नुसता जागा ठेवायचा, आणि कातड्यासारखे चिवट मांस बोटाने तुटेल इतके मऊ करायचे, अशी ती चूल. ज्या मांसाचे नावदेखील आपण सरळ घेत नाही, शहरात 'बड्याचे' म्हणतो आणि खेड्यात 'मोठ्याचे', त्याच्या ह्या रांधपाला महाराष्ट्रात मोठा इतिहास आहे.

हे मांस इतका वेळ का मागते, हे आधी पाहिले पाहिजे. आपल्या मुलखात बैल खाण्यासाठी कोणी वाढवला नाही. तो नांगराला जुंपला, मोटेला लावला, गाडीला बांधला. पोळ्याला त्याच्या शिंगांना रंग दिला आणि पुरणपोळीचा घास भरवला. त्याचा देह कोणाच्या भांड्यात गेलाच तर तो सगळी उमर कष्ट करून झाल्यावर. असल्या देहाची मांडी आणि नळी स्नायूंनी व शिरांनी भरलेली असते. मोठ्या जाळावर ती आखडून वादीसारखी होते. पण पाणी नुसते हलत राहील एवढ्याच उष्णतेवर, म्हणजे साधारण सत्तर अंशांच्या वर, तीन-चार तास ठेवली तर तोच चिवट भाग विरघळू लागतो आणि रस्सा दाट होऊन ओठांना चिकटतो. विलायतेत ज्याला स्ट्यू म्हणतात, दिल्ली-लखनौकडे जी निहारी म्हणून रात्रभर शिजून सकाळी वाढली जाते, आणि यहुदी घरांत शुक्रवारी संध्याकाळी चढवलेले भांडे जे शनिवारी उघडले जाते, त्या सगळ्यांचे मर्म हेच. ज्याच्यापाशी कोवळे मांस घेण्याइतका पैसा नव्हता, त्याने पैशाच्या जागी वेळ घातला.

हे अन्न आपल्या देशात परक्यांनी आणले, अशी पुष्कळांची समजूत आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे ह्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात वैदिक काळच्या गोमांसभक्षणाची आणि मधुपर्काची चर्चा कसलाही आडपडदा न ठेवता केली आहे. ज्याच्यासाठी गाय मारावी तो अतिथी, ह्या अर्थाचा 'गोघ्न' शब्द पाणिनीच्या सूत्रात सिद्ध केलेला आहे. चरकसंहितेत तर हे मांस कोरडा खोकला, विषमज्वर, श्रमाने आलेला थकवा आणि देह झिजणे ह्यांवर हितकारक म्हणून सांगितले आहे. त्याच संहितेत अतिसाराची उत्पत्ती सांगताना गोवधाची कथाही येते. एकाच ग्रंथात औषध आणि भय शेजारी शेजारी आहेत! पुढे कलिवर्ज्यांच्या यादीत गोवध गेला, शेती वाढली, गायीविषयीची श्रद्धा दृढ झाली. ती श्रद्धा खरी आहे आणि कोट्यवधी लोकांच्या जीवनात आजही जिवंत आहे. पण श्रद्धा खरी असली म्हणून आधीचा इतिहास खोटा ठरत नाही.

आता द्रोणागिरीकडे वळू. १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हाती आली, आणि करंजाचे हे बेटही वसईच्या अमलाखाली गेले. त्यांच्याबरोबर 'विन्या द आल्योश' हा प्रकार आला. मांस द्राक्षाच्या दारूत आणि लसणीत मुरवून टिकवण्याची ही दर्यावर्दी लोकांची रीत. इकडे ती दारू कुठली मिळायला? तिच्या जागी शिरका आला, मिरची आली, आले-जिरे आले, आणि त्या परकी शब्दाचे गोव्यात विंदालू आणि वसई-साष्टीकडे इंद्याल झाले. चिवट मांसाला शिरक्याचा उपयोग दुहेरी. तो मांस टिकवतो आणि चुलीवर त्याला लवकर वळवतो.

पण राज्यकर्ते एकदा चुलीपाशी आले की नुसता मसाला देऊन परत जात नाहीत. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन स्थापन झाले, आणि १७३६ च्या त्याच्या फर्मानात, नव्या ख्रिस्त्यांनी हिंदूंसारखा मिठावाचून भात शिजवू नये, असाही मनाईहुकूम होता. भातात मीठ घातले की नाही, हे पाहणारी सत्ता! तीनच वर्षांनी, १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी वसई घेतली. करंजा बेट आधी मराठ्यांकडे आणि १७७४ च्या सुमारास इंग्रजांकडे गेले. वर्गात आम्ही मुलांना वसईचा वेढा शिकवतो. वेढा उठल्यावर त्या गावांत रोजच्यासारख्या चुली पेटल्या, हे पाठ्यपुस्तकात नसते. ह्या भागातले मराठी बोलणारे ख्रिस्ती मागे राहिले, आणि १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, त्यांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. नाव इंग्रजी, भाषा मराठी, भांडे पोर्तुगीज रीतीचे आणि आतला मसाला अस्सल कोकणच्या उन्हातला!

त्यांच्या घरची कृती सांगण्याजोगी आहे. मांसाचे मोठे तुकडे आले-लसूण, हळद, मीठ आणि शिरका लावून ठेवतात. नळीचे हाड असलेच पाहिजे, त्यावाचून रश्श्याला अंग येत नाही. तुकडे एकदम न टाकता थोडे थोडे घालून तांबूस परततात, कारण गर्दी झाली की ते भाजण्याऐवजी पाणी सोडतात. मग त्याच भांड्यात कांदा, आणि त्यावर बाटलीचा मसाला. हा मसाला पावसाळ्याआधी वीस-पंचवीस जिनसा भाजून, लाकडी उखळात कांडून, गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून त्याला हे नाव. पाणी गरमच घालायचे. झाकणावर थोडे पाणी ठेवायचे, जाळ ओढून घ्यायचा आणि वाट पाहायची. बटाटे अगदी शेवटी. तांदळाच्या भाकरीशी, फुग्यांशी किंवा पावाशी हे जेवण होते, आणि दुसऱ्या दिवशी मुरल्यावर ते अधिकच चांगले लागते.

ह्या भांड्याची दुसरी कथा इतकी सुखाची नाही. गावगाड्यात मेलेले जनावर ओढून नेणे महारांच्या कपाळी होते, आणि त्याचे मांस हाच त्या कामाचा मोबदला मानला जाई. मराठवाड्यात त्या मांसाच्या लांब पट्ट्या कापून, मीठ लावून, उन्हात वाळवून ठेवीत. त्या चान्या. पावसाळ्यात, हाताला काम नसताना, त्या निखाऱ्यावर भाजायच्या किंवा कालवणात शिजवायच्या. तेल-तूप घरात नसे. चरबी हेच तेल. शाहू पाटोळे ह्यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' ह्या २०१५ च्या पुस्तकात हे सगळे रांधप प्रथमच सविस्तर मांडले, आणि मराठी पाककृतींच्या पुस्तकांतून कोणाची चूल गाळली गेली होती, ते दाखवून दिले.

उरण ज्या रायगड जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातल्या महाडला १९ आणि २० मार्च १९२७ रोजी भरलेल्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले. त्यांचा रोख चवीवर नव्हता. लाचारीने पदरात पडलेले अन्न माणसाला लाचारच ठेवते, हे त्यांना सांगायचे होते. कित्येक घरांनी ते ऐकले आणि त्या दिवसापासून भांडे बदलले. पुढे १९४८ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी अस्पृश्यतेच्या मुळाशी गोमांसाचा प्रश्न असल्याचा सिद्धांत मांडला. एखाद्या म्हातारीला चान्यांचा वास आठवून आईची आठवण यावी, आणि तिच्याच नातवाला त्या आठवणीची लाज वाटावी, हे दोन्ही खरे आहे. कादंबरी लिहिणाऱ्याला अशा वेळी कोणाचीही बाजू घेववत नाही.

ही लाज अजून गेलेली नाही. डबा खाताना झाकण अर्धेच उघडणारी मुले मी इतकी वर्षे पाहत आलो आहे. आत काय आहे ते मी विचारत नाही, पण झाकण का उघडत नाहीत ते मला कळते.

महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गायीची कत्तल बंद झाली. १९९५ मध्ये मंजूर झालेल्या दुरुस्तीला मार्च २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि बैल व वळूही त्या मनाईत आले. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपये दंड. असे मांस घरात बाळगणेही गुन्हा ठरले. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली. परंतु राज्याबाहेर मारलेल्या जनावराचे मांस बाळगणे गुन्हा ठरवणारे कलम मात्र रद्द केले, आणि त्यासाठी नागरिकाच्या खाजगी जीवनाच्या हक्काचा आधार घेतला. म्हणजे मिठाच्या फर्मानानंतर दोनशे ऐंशी वर्षांनी, घरातल्या भांड्याचे झाकण कोणी उचलावे, हा प्रश्न पुन्हा न्यायासनापुढे आला, आणि निदान काही अंशी उत्तर घराच्या बाजूने लागले. आता ह्या राज्यात उघडपणे शिजते ते म्हशी-रेड्याचे मांस. ते अधिक काळसर, अधिक भरड, आणि म्हणून विस्तवाचा संयम आणखीच मागणारे.

द्रोणागिरी आता सिडकोच्या नकाशावरची वसाहत झाली आहे. जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत लोकल धावते. बंदराच्या कामासाठी सर्व प्रांतांची माणसे येथे येऊन राहिली आहेत. चुली गेल्या, गॅस आला, आणि कुकरने तीन तासांचे काम पाऊण तासावर आणले. तरी सुट्टीच्या दिवशी एखादी गृहिणी कुकर बाजूला ठेवून जाड बुडाचा टोपच काढते, कारण शिट्ट्यांनी मांस शिजते पण मुरत नाही. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याने काय शिजते आहे असे विचारू नये, आणि विचारलेच तर उत्तर देताना आवाज खाली जाऊ नये, एवढीच त्या घराची अपेक्षा असते. चरकाने हे अन्न थकलेल्यांसाठी सांगितले होते. दिवसभर बंदरावर राबून आलेल्या माणसाला रात्री मुलाबाळांत बसून गरम रस्सा मिळावा, ह्यात त्याहून निराळे असे काहीच नाही.