गत, गॉथ आणि बे एके बे

आमचं गाव आळेफाट्याजवळ. पुणे-नाशिक रस्ता आणि कल्याण-नगर रस्ता जिथे एकमेकांना कापतात तो फाटा. मागच्या महिन्यात ऑफिसमधल्या दोघांना घरी घेऊन गेलो होतो, एक चेन्नईचा, एक लखनौचा. फाट्यावर उतरलो आणि गावाचं नाव ऐकून चेन्नईकर म्हणाला, आमच्याकडे ‘आळ्’ म्हणजे माणूस. लखनौकराला ‘फटा’ ऐकू आलं. काय फाटलं इथे? मी म्हटलं, रस्ता फाटला. (ही कोटी नाही हं. फाटा खरंच ‘फाटणे’वरून आला, आणि हिंदीतलं ‘फटना’ त्याचं सख्खं भावंड.)

घरी चहा झाला. चेन्नईकराने दुधाच्या पातेल्याकडे बोट दाखवून मला मोठ्या कौतुकाने सांगितलं, ‘पाल’. आजी ताडकन उठली आणि पातेल्यात डोकावून बघायला लागली. तमिळमध्ये दुधाला पाल म्हणतात हे तिला पटवून देईपर्यंत चहा निवला. मग लक्षात आलं की मी दिवसातून पन्नास वेळा जे ‘काय नाय’ म्हणतो, ते त्याच्या कानाला ‘कच्चं फळ, कुत्रा’ असं लागत असणार. तमिळमध्ये काय् म्हणजे न पिकलेलं फळ आणि नाय् म्हणजे कुत्रा. दोन वर्षं बिचारा मुकाट ऐकतोय.

आता इंजिनियर माणूस, हिशोब केल्याशिवाय झोप येईना. परकी भाषा ऐकताना आपला कान फार बारीक फरक करत नाही, म्हणून ढोबळमानाने 15 व्यंजनं आणि 5 स्वर धरले. म्हणजे एकाक्षरी शब्दांचे साचे झाले 75. दोन भाषांकडे असे 30-30 शब्द असतील, तर 30 गुणिले 30 भागिले 75, म्हणजे 12 ठिकाणी निव्वळ योगायोगाने टक्कर होणार. दोन अक्षरांचे साचे 5625. दोन्हीकडे 500 शब्द धरा, टक्करी होतात 44. तेच 500 शब्द तीन अक्षरी असतील तर साचे सव्वाचार लाखांच्या आसपास, आणि टक्कर सरासरीने एकसुद्धा धड नाही. आकडे मी धरलेले आहेत, पण कल कळतो. शब्द जितका आखूड, तितका तो जगात कुठेही सापडणार. आमच्या धंद्यात याला हॅश कोलिजन म्हणतात.

कधीकधी नुसता आवाजच नाही, अर्थही जुळतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये म्बाबराम नावाची एक भाषा होती. भाषाशास्त्रज्ञ डिक्सन ती नोंदवायला गेले तेव्हा कुत्र्याला काय म्हणता विचारल्यावर उत्तर आलं, ‘डॉग’! इंग्रजांकडून घेतलेला शब्द नव्हे. आसपासच्या भाषांत कुत्र्याला ‘गुडगा’ म्हणतात, त्याचंच झिजून झिजून तसं झालेलं. फारसी ‘बद’ (आपला बदनाममधला) आणि इंग्रजी ‘बॅड’, यांचाही एकमेकांशी काही संबंध नाही. पुण्यात जपानी शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात ‘नामाए’ म्हणजे नाव हे कळतं आणि तो हरखून जातो. जपानीत त्याची फोड ‘ना’ अधिक ‘माए’ अशी आहे. आपलं ‘नाम’ त्यात कुठेच नाही.

हे सगळं गंमत म्हणून ठीक आहे. पण या गंमतीत मी स्वतः एकदा सपाटून आपटलोय आणि तेही घराजवळच, म्हणून हा लेख.

आळ्याचं नाव निघालं की लोकांना ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आठवते, जुन्नरचं निघालं की शिवनेरी. पण शिवनेरीच्या कड्याच्या पोटात, सात दरवाजांच्या नेहमीच्या वाटेपासून बाजूला, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत हे आपल्यातल्या किती जणांना माहीत असतं? तिथे पाण्याच्या टाक्यांपाशी ब्राह्मी लिपीतली एक छोटीशी ओळ आहे: ‘यवनस इरिलस गतान देयधम बे पोढियो’. म्हणजे, गतांपैकी यवन इरिल याचं धर्मदान, दोन टाकी. दुसऱ्या एका लेखात चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिलाय. तोही ‘गतानं’, गतांपैकीच. मानमोडीच्या डोंगरावर तिसरा यवन आहे, चंद नावाचा.

हे गत कोण? 1912 मध्ये स्टेन कोनो या नॉर्वेजियन पंडितांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात मांडलं की गत म्हणजे गॉथ. होय, पुढे ज्यांनी रोम लुटलं तेच गॉथ! कोनो म्हणजे कुणी हौशी माणूस नव्हे. ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणातला मराठीचा खंड (1905) त्यांनीच तयार केला होता.

मला हे वाचून काय आनंद झाला म्हणून सांगू! आमच्या तालुक्यात जर्मन! त्यात आणखी एक सापडलं. स्कँडिनेव्हियातल्या जुन्या रून शिलालेखांत ‘एरिलाझ’ असा शब्द येतो. इरिल, एरिलाझ... झालं, मी दोन स्क्रोलभर मजकूर लिहून गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला.

तासाभरात दोन उत्तरं आली. पहिलं एका चुलतभावाचं, संतापलेलं. शिवनेरीवर यवनांची टाकी? महाराजांच्या जन्मस्थानावर? हे खोटं आहे, डिलीट कर. त्याच्या डोक्यातला यवन म्हणजे बखरींतला आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांतला यवन, मुसलमान. पण लेखातला इरिल इस्लामच्या जन्माआधी काही शतकं होऊन गेला. तेव्हा यवन म्हणजे ग्रीक, किंवा एकूणच पश्चिमेकडून आलेला माणूस. आयोनिया हा ग्रीकांचा प्रदेश, त्याचं जुन्या फारसीत झालं ‘यौन’, आपल्याकडे ‘यवन’, अरबीत ‘यूनान’. दवाखान्याच्या पाटीवर ‘युनानी’ लिहिलेलं असतं ना, तोच हा शब्द. इथे भाषासुद्धा दुसरी नाही, मधे नुसती शतकं गेलीत, तरी भावाभावांत भांडण लागायला तेवढं पुरलं. त्याला फोन करून अर्धा तास समजावलं. पटलं की नाही कोण जाणे, पण ग्रुप सोडून गेला नाही.

दुसरं उत्तर गावातल्या एका निवृत्त गुरुजींचं. एकच ओळ: “गत उचललास, शेजारचा बे का सोडलास?”

मी परत ती ओळ बघितली. बे पोढियो. दोन टाकी. बे! बे एके बे, बे दुणे चार! अख्खं लहानपण ओरडून ओरडून म्हटलेला शब्द समोर होता आणि मी त्याला ओलांडून जर्मनीला पोचलो होतो. संस्कृत ‘द्वे’चं प्राकृतात ‘बे’ झालं. बोलताना आपण ‘दोन’ म्हणायला लागलो, पण पाढ्यात ‘बे’ तसाच राहिला आणि गुजरातीत तर आजही दोनला बेच म्हणतात. इथे वाट पायाखालची आहे, मधला एकेक टप्पा दाखवता येतो. (नागपूरचा ‘काय बे’ मात्र वेगळा. तो या हिशोबात घेऊ नका.)

गॉथांची वाट दाखवायला गेलं तर काय सापडतं? ज्या काळात ही टाकी खोदली गेली त्या काळात गॉथ आजच्या पोलंडमध्ये विस्तुला नदीच्या आसपास होते. काळ्या समुद्राच्या काठाला ते दिसतात तिसऱ्या शतकात. ‘एरिलाझ’चे रून शिलालेख तर त्याहूनही पुढचे. आणि ग्रीकांची वाट? पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी पुस्तिकेत कल्याणचं बंदर ‘कॅलिएना’ म्हणून चक्क नोंदवलेलं आहे, आणि पैठणही. कल्याणहून नाणेघाट चढलं की जुन्नर. आज माळशेजमार्गे आळेफाट्याला येणारे ट्रक जवळपास त्याच दिशेने येतात. गत हे कुळाचं नाव असेल, गावाचं असेल. दोन अक्षरांच्या त्या शब्दावरून ते ठरत नाही, आणि गॉथ तर नाहीच नाही. ‘गत’ हा माझ्या त्या 5625 साच्यांतला एक साचा. कुठेतरी धडकणारच.

आपल्याकडे हाच उद्योग उलट्या दिशेने पु. ना. ओकांनी आयुष्यभर केला. व्हॅटिकन म्हणजे वाटिका, वगैरे. आपण ओकांना हसतो. मी तर कॉलेजात नकला करून हसायचो. पण गॉथ जुन्नरला आणताना माझ्या डोक्यात नेमकं काय वेगळं चाललं होतं? आपल्या गावाचं नाव मोठ्या जगाशी जोडलं जावं, बस.

मजा म्हणजे खरं नातं असतं तिथे शब्द बहुतेकदा सारखे दिसतच नाहीत. तमिळमधला तो ‘पाल’ घ्या. कन्नडमध्ये दूध म्हणजे ‘हालु’. तमिळमध्ये वाघ ‘पुलि’, कन्नडमध्ये ‘हुलि’. तमिळमध्ये पैसा ‘पणम्’, कन्नडमध्ये ‘हण’. जुन्या ‘प’चा कन्नडने एका ओळीत ‘ह’ करून टाकला. एक जोडी सापडली तर योगायोग म्हणता येतो, पण नियमाने बदललेल्या जोड्यांची रांग लागली की मग गप्प बसावं लागतं. त्यातला ‘पणम्’ तर नाणेघाटाच्याही नात्यातला. नागनिकेच्या लेखात दक्षिणेचे हजारो ‘काहापन’ मोजलेत, म्हणजे कार्षापण. त्यातला ‘पण’ आणि तमिळ ‘पणम्’ एकाच घरचे. आपण ‘पण लावतो’ तोही तोच. आणि ‘येतो, पण उशीर होईल’ मधला पण? तो ‘पुनः’मधून आलेला, अगदी परका.

नाणेघाटातल्या ‘नाणे’चं मूळ बहुतेक अभ्यासक कुषाणांच्या नाण्यांवरच्या ‘नना’ देवीत शोधतात. कनिष्काच्या नाण्यांवर तिचं नाव ग्रीक लिपीत कोरलेलं आहे, आणि ती मुळात मेसोपोटेमियाची. म्हणजे परदेशचं नातं हवंच होतं तर ते माझ्या खिशात पडलं होतं, आणि मी ते कड्यावर शोधत होतो.

असो. पुढच्या खेपेला दोघांनाही घेऊन इरिलची टाकी बघायला जायचंय. गुरुजीही येतो म्हणालेत. चेन्नईकराची एकच अट आहे, चहा आजीच्याच हातचा हवा, आणि पाल भरपूर घालायची.