सातवी आणि आठवी : एका उंबरठ्याचा इतिहास



जून महिना उजाडला की शाळेच्या कार्यालयापाशी एक प्रश्न हमखास कानी पडतो. "सर, पोरगं आठवीत गेलं. आता कोणते विषय घ्यायला सांगू?" विचारणारे कधी अब्बा असतात, कधी चाचा. मुलगा मागे खाली मान घालून उभा असतो. त्याला मात्र कोणी काही विचारलेले नसते. हा प्रश्न आजचा नाही, त्याला शंभर-दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो ठाऊक असला तर उत्तर देणे पुष्कळ सोपे जाते असा माझा अनुभव आहे.

इंग्रजी अमदानीत ही निवड सातवीलाही नव्हती, ती चौथीला होती. मराठी चौथी झाल्यावर ज्यांच्या घरी थोडी ऐपत असे त्यांची मुले इंग्रजी पहिलीत जात आणि मॅट्रिकची वाट धरीत. बाकीची मराठी शाळेतच सातवीपर्यंत शिकून 'व्हर्नाक्युलर फायनल' देत. फायनल पास झालेल्याला गावात मान होता. तो प्राथमिक शिक्षक होई किंवा सरकारी कचेरीत खालच्या जागेवर लागे. पण त्यापुढे वाट फारशी नव्हती. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली, आणि त्याच्याही आधी, १८५४ साली, पुण्यात सरकारी बांधकामांसाठी माणसे तयार करणारा इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला होता, तोच पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झाला. म्हणजे यंत्रविद्या आपल्यापासून दोन-तीन कोसांवर येऊन ठेपली होती. तिथपर्यंत पोचायचे की नाही, हे मात्र दहा वर्षांच्या मुलाच्या बापाच्या खिशावर ठरत होते.

मग आपल्या पट्ट्याचे रूपच पालटले. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स निघाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पाहता पाहता भोसरी, चिंचवड, आकुर्डीच्या माळावर कारखान्यांचे भोंगे वाजू लागले. शेजारी दापोडीला एस.टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा होतीच. रेल्वे आणि मुंबई-पुणे रस्ता यांच्यामध्ये वसलेली कासारवाडी कामगारांच्या बिऱ्हाडांनी भरून गेली. १९७० साली नगरपालिका आली, १९८२ साली महानगरपालिका झाली.

ह्या कारखान्यांना फायनल पास माणूस नको होता, त्यांना फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन हवा होता. माझे चुलत आजोबा फायनल पास. अक्षर मोत्यासारखे. एका कारखान्यात ते हेल्पर म्हणून लागले आणि हेल्पर म्हणूनच निवृत्त झाले. त्यांच्यानंतर लागलेली आयटीआयची पोरे त्यांच्या डोळ्यांदेखत मशीनवर चढली. "मला नकाशा वाचता येत नव्हता रे," एवढेच ते म्हणत. नकाशा म्हणजे ड्रॉइंग.

सरकारला ही गोष्ट कळली नव्हती असे नाही. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने स्पष्ट सांगितले की, सगळ्या मुलांना एकाच साच्यातून काढू नका. बहुउद्देशीय शाळा काढा, त्यांत विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, शेती, कला असे सात गट ठेवा, आणि निवड करताना मुलाला सल्ला देणारा जाणता शिक्षक शाळेत असू द्या. आपल्याकडची टेक्निकल हायस्कुले ह्याच विचाराची. आठवीपासून मुलगा कार्यशाळेत कानस धरतो, ड्रॉइंग काढतो आणि त्याबदल्यात एखादी भाषा सोडतो. गट आले, पण सल्ला देणारा शिक्षक बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिला.

पुढे कोठारी आयोग (१९६४-६६) आला. त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले. ह्या आयोगाने काटा उलट फिरवला. पहिली दहा वर्षे सर्वांना समान शिक्षण, गणित आणि विज्ञान सर्वांना सक्तीचे, फाटे नंतर. महाराष्ट्रात १९७५ साली दहावीची पहिली एस.एस.सी. झाली ती ह्याच आकृतिबंधानुसार. माझ्या मते गरिबांच्या मुलांसाठी एवढा मोठा निर्णय दुसरा झालेला नाही, कारण तेराव्या वर्षी कोणाचेही दार लागणार नाही अशी ती व्यवस्था होती.

पण मध्यंतरी काही वर्षे राज्य मंडळाने बीजगणित-भूमितीऐवजी सोपे 'सामान्य गणित' घेण्याची सवलत दिली होती. हेतू चांगला होता, नापासांचे प्रमाण कमी व्हावे हा. आता ती सवलत बंद आहे. तेव्हाची एक गोष्ट सांगतो. २०१५ च्या जूनमध्ये मी नवा शिक्षक होतो, नववीचा वर्ग माझ्याकडे होता. एका रिक्षावाल्याच्या मुलाने सामान्य गणिताचा अर्ज आणला. वडिलांची सही होती, खाली मी सही केली. हे गणित घेतले तर अकरावीला विज्ञान शाखा मिळणार नाही, हे मला माहीत होते. त्याला माहीत नव्हते, आणि मी विचारले नाही. दहावीला त्याला त्र्याहत्तर टक्के मिळाले. निकालाच्या दिवशी पेढे घेऊन आला आणि म्हणाला, "सर, सायन्स घेतो." त्या दिवशी मला पेढा गिळवला नाही.

२०१६ पासून सरकारने दहावीच्या मुलांसाठी कल चाचणी सुरू केली. चाचणी वाईट नव्हती, पण ती दहावीला! भाषा सोडायची की नाही, टेक्निकल घ्यायचे की नाही, हे सारे ठरून दोन-तीन वर्षे झालेली असतात. गाडी सुटल्यावर फलाटावर वेळापत्रक वाचण्यासारखेच ते.

म्हणून सातवीच्या पालकांना माझी विनंती आहे की, यंदाच शाळेत येऊन बसा. आठवीची एन.एम.एम.एस. परीक्षा द्यायची तर सातवीला ५५ टक्के लागतात. ती मिळाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये शिष्यवृत्ती आहे, आणि उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख असल्याने आपल्यातली पुष्कळ घरे त्यात बसतात. ही परीक्षा सरकारी, अनुदानित आणि महापालिकेच्या शाळांतील मुलांना देता येते. टेक्निकल किंवा व्यवसाय विषय घेताना कोणती भाषा सुटते आणि पुढे तिची गरज पडेल का, हे मुलादेखत विचारा. फिटर, इलेक्ट्रिशियनचा आयटीआय दोन वर्षांचा, वेल्डरचा एका वर्षाचा. दहावीनंतर डिप्लोमा तीन वर्षांचा, आणि दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात थेट जाता येते. मुलींसाठी महापालिकेचा आयटीआय तर इथे कासारवाडीतच आहे, पण त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या कितीतरी माता "तिथे काय शिकवतात?" असे मला विचारतात. मुलीला घेऊन एकदा आत जाऊन पाहा, कोणी अडवणार नाही.

तो रिक्षावाल्याचा मुलगा फिटर झाला, मग त्याच दुसऱ्या वर्षाच्या वाटेने डिप्लोमा पुरा केला. सरळ गेला असता त्यापेक्षा एक वर्ष जास्त लागले. आज चाकणला नोकरीला आहे. गेल्या महिन्यात धाकट्या भावाला घेऊन आला होता. भाऊ सातवीत आहे. ह्या वेळी आधी मीच खुर्ची पुढे केली, आणि आम्ही तिघे तासभर बोलत बसलो.